एक अपग्रेड, दोन आजार

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर २०२५. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं सार्वजनिक वाचनालय संध्याकाळी आठला बंद झालं आणि मी त्यांच्या सर्व्हरवर डेबियन १२चं १३ करायला, म्हणजे लिनक्सची आवृत्ती वाढवायला बसलो. सव्वानऊला मशीन नव्या कर्नलवर, म्हणजे सिस्टीमच्या नव्या गाभ्यावर, उभं होतं. फोल्डरं नेटवर्कवर वाटणारा सांबा चालू, स्कॅनची फोल्डरं उघडत होती. मी गाडी पकडून पुण्याला निघालो. रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी, म्हणजे मी घरी पोचून हातपाय धूत असेन तेव्हा, लॉगमध्ये पहिली तक्रार पडली.

आधी मशीन सांगतो. जिन्याखालच्या खोलीत एक साधा टॉवर आहे. त्यात ४ टीबीच्या चार डिस्क, लिनक्सच्या एमडी या भागाने त्यांची एकत्र मोट (ॲरे) बांधलीय, रेड ५ पद्धतीने: एका डिस्कइतकी जागा पॅरिटीला, म्हणजे हरवलेला तुकडा परत काढता येईल अशा हिशेबाला, म्हणून वापरायला १२ टीबी. सिस्टीम वेगळ्या छोट्या एसएसडीवर. जुन्या नियतकालिकांची पानं स्कॅन करून टिफ फाइली इथे ठेवतात, सात टीबीच्या आसपास भरलंय. पहिली, दुसरी आणि तिसरी डिस्क २०१९ मध्ये एकत्र घेतलेल्या, एकाच मॉडेलच्या. चौथी २०२३च्या दिवाळीच्या तोंडावर बदलली. तेव्हा बजेट नव्हतं म्हणून डेस्कटॉपसाठीची साधी डिस्क घेतली, आणि ती घ्या असं सांगणारा मीच. हे पुढे लागणार आहे.

शनिवारी सकाळी डिग्रेडेड ॲरेची, म्हणजे एक डिस्क गळाल्याची, मेल आलेली होती. ती वाचत असतानाच ग्रंथपाल ताईंचा फोन आला. "अहो, काल काय केलंत? एक फोल्डर उघडायला चहा होईल इतका वेळ लागतोय."

रिमोटने आत शिरून कर्नलचा लॉग उघडला. तिसऱ्या पोर्टवर, म्हणजे एटीए-३ वर, रात्रभर तेच चाललं होतं: एक्सेप्शन, फ्रोझन, कमांड फेल, हार्ड रिसेटिंग लिंक. पहाटे पाचच्या सुमाराला कर्नलने हात टेकले, डिव्हाइस डिसेबल केलं आणि एमडीने डिस्क बाहेर काढली. एटीए-२ वरही तसंच, पण ती दर वेळी सावरत होती. लिंकचा वेग मात्र ६ गिगाबिटवरून ३ वर उतरवलेला.

कोणीही म्हणेल, डिस्क गेली. ताईंचा पुतण्या कॉम्प्युटरचा कोर्स करतो. त्याने स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीचे ठेवते ते, आकडे बघून आधीच निकाल दिला होता, कारण रॉ रीड एरर रेटपुढे कोटींतला आकडा होता. त्या आकड्याने आजवर किती चांगल्या डिस्क भंगारात गेल्या असतील देव जाणे. काही कंपन्या त्या एकाच आकड्यात झालेल्या चुका आणि एकूण वाचनं एकत्र कोंबतात. तो मोठाच दिसणार. मी बघतो ते वेगळे: ५ नंबर म्हणजे बदलून टाकलेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न आलेले आणि निकालाची वाट बघणारे सेक्टर, १९८ त्याचाच भाऊ, आणि १९९ म्हणजे वायरवरून येता-जाता बिघडलेल्या डेटाची मोजणी. तिसऱ्या डिस्कवर पहिले तिन्ही शून्य. १९९ मध्ये १४.

१४ बघून मी वायर धरली आणि तिथेच पहिली चूक केली. १९९चा आकडा कधीच पुन्हा शून्य होत नाही. २०२० साली कोणी वायर हलवली असेल तरी ते १४ आज दिसणार. बघायचं असतं ते वाढतोय का. मी तेवढंही थांबलो नाही, डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या दोन नव्या क्लिपवाल्या साटा केबल पिशवीत टाकल्या आणि एसटी पकडली.

दुपारी दोनला पोचलो. मशीन बंद केलं, दुसऱ्या आणि तिसऱ्या डिस्कच्या केबल बदलल्या, चालू केलं, तिसरी डिस्क री-ॲड केली, म्हणजे ॲरेत परत घेतली. राइट-इंटेंट बिटमॅप, म्हणजे कुठले तुकडे बदलले त्याची नोंद, होता म्हणून अख्खे ४ टीबी पुन्हा लिहावे लागले नाहीत. तेवढ्या वेळात बदललेले तुकडेच भरले गेले, पाच मिनिटांत काम झालं. मग स्कॅनिंग करणाऱ्या मुलींनी सकाळचे अडकलेले स्कॅन भरायला घेतले आणि संध्याकाळपर्यंत लॉग स्वच्छ. मी ताईंना सांगितलं, वायर होती. केबलचे पैसेही घेतले.

रात्री साडेअकराला तिसरी डिस्क पुन्हा बोलू लागली.

रविवारची पहाट

मी त्या रात्री गावातच थांबलो होतो, वाचनालयाच्या वरच्या खोलीत. डेबियनमध्ये एमडी ॲरेची तपासणी महिन्याच्या पहिल्या रविवारी पहाटे आपोआप सुरू होते: सगळ्या डिस्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून पॅरिटीशी ताडून बघायच्या. २ नोव्हेंबर हा पहिला रविवार. एकला तपासणी लागली. आधी घाबरलो, आजारी ॲरेला पळवणार म्हणून. थांबवायला हात पुढे केला आणि लॉगकडे बघून मागे घेतला.

तपासणी लागल्यापासून तिसरी डिस्क गप्प होती. दुसरीही गप्प. साडेअकरा ते एक, म्हणजे मशीनला काही काम नसताना, दोघी मिळून अकरा वेळा रुसल्या होत्या. आणि आता दोन्हींकडून सलग वाचन चाललेलं असताना एकही ओळ नाही. दुपारचा स्वच्छ लॉगही आठवला. तेव्हाही मुली सतत कॉपी करत होत्या. केबलने काही बरं झालं नव्हतं, डिस्क फक्त कामात होत्या.

खराब होत चाललेली डिस्क कामाला लावली की कण्हते. कामात बरी आणि रिकामी बसली की आजारी पडणारी डिस्क म्हणजे भानगड दुसरी. लॉगच्या ओळी पुन्हा नीट वाचल्या. चुकीचा प्रकार सांगणाऱ्या एमास्कच्या पुढे कंसात 'एटीए बस एरर' लिहिलेलं होतं, 'मीडिया एरर' नव्हे. लिंकच्या घडामोडी सांगणाऱ्या एसएररमध्ये 'फायरेडीचेंज' आणि 'कॉमवेक'. पहिल्याचा अर्थ लिंक जागी-झोपेची अवस्था बदलली, दुसऱ्याचा अर्थ उठवायचा इशारा दिसला. खराब वायर असती तर 'बॅडसीआरसी', म्हणजे वाटेत डेटा बिघडल्याची खूण, दिसायला हवं होतं. ही डिस्क वाचण्यात चुकत नव्हती. तिला झोपेतून उठवलं की ती वेळेवर उठत नव्हती.

मग सरळ होतं. सिस या कर्नलच्या सेटिंगच्या फोल्डराखाली स्कझी-होस्टच्या फोल्डरात प्रत्येक पोर्टची 'लिंक पॉवर मॅनेजमेंट पॉलिसी' नावाची फाइल असते. एकेक उघडली. दुसरा, तिसरा, चौथा: 'मेड पॉवर विथ डीआयपीएम', म्हणजे काम नसताना लिंक झोपवायची पॉलिसी. पहिल्या पोर्टवर मात्र ती नव्हती.

साटाच्या वायरीच्या दोन्ही टोकांना जे ट्रान्सीव्हर असतात, ते काम नसताना झोपवून वीज वाचवायची, असं हे प्रकरण आहे. तबकड्या फिरतच राहतात, मोटर थांबत नाही. झोपते ती लिंक. हलक्या झोपेला पार्शल म्हणतात, त्यातून १० मायक्रोसेकंदांत उठायचं. गाढ झोप म्हणजे स्लंबर, त्यातून १० मिलिसेकंदांत. दिवसभरात असं हजारो वेळा होतं आणि निरोगी डिस्कला त्याचं काही वाटत नाही. काही मॉडेलांना मात्र ते झेपत नाही. त्यांच्या फर्मवेअरमध्ये हे कधी नीट केलेलंच नसतं, आणि कोणी झोपवलंच नाही तर ते उघडकीलाही येत नाही.

पूर्वी लिनक्स हे मुख्यतः लॅपटॉपच्या चिपसेटवर करायचं. २०२४ मध्ये कर्नल ६.९ पासून ते सर्वसाधारण एएचसीआय (साटा डिस्क चालवणाऱ्या) कंट्रोलरवरही सुरू झालं. डेबियन १२ मध्ये कर्नल ६.१ होता, १३ मध्ये ६.१२ आला. म्हणजे सहा वर्षं एका क्षणाचीही डुलकी न काढलेल्या या डिस्कना शुक्रवारी रात्री पहिल्यांदा कोणीतरी 'झोप' म्हटलं.

पहिली डिस्क त्याच मॉडेलची, त्याच दिवशी घेतलेली, मग ती कशी सुटली? हे कोडं मला दीड तास पुरलं. रविवारी सकाळी बायोसमध्ये गेलो तेव्हा दिसलं, पहिल्या पोर्टवर हॉट-प्लग, म्हणजे मशीन चालू असताना डिस्क काढ-घाल करणं, चालू केलेलं होतं. कधी, कोणी, कशासाठी, कोणालाच आठवेना. झोपलेल्या लिंकवर नवी डिस्क खोचली तर कंट्रोलरला कळणार नाही, म्हणून हॉट-प्लगच्या पोर्टवर कर्नल ही झोप लावत नाही. कोणाच्या तरी जुन्या खटपटीने मला आयतं तुलनेचं नमुन्याचं पोर्ट मिळालं होतं.

पण चौथी?

त्याच पहाटे ४ वाजून २० मिनिटांनी, तपासणी ऐन भरात असताना, एटीए-४ वर 'हार्ड रिसेटिंग लिंक' आलं. तोवर मी जवळजवळ झोपलो होतो. ओळ तीच, शब्द तेच. आता सगळं एका कारणात बसवायचा मोह फार होता: चौथ्या पोर्टवरही झोप लावलेली आहे, म्हणजे तोच आजार. फक्त वेळ जुळत नव्हती. ही डिस्क कामात असताना रुसली होती, इतर दोघींच्या नेमकं उलट. आणि एमास्कपुढे 'बस एरर' नाही, 'टाइमआउट' होतं.

तपासणी थांबवली. आता पहिलं काम बॅकअप. शेवटची प्रत तीन आठवड्यांपूर्वीची होती, त्यानंतरचे सुमारे २४० जीबी पोर्टेबल डिस्कवर उतरवले. हे शुक्रवारी अपग्रेडच्या आधी करायला हवं होतं. मी फक्त कॉन्फिगच्या फाइली घेतल्या होत्या.

मग चौथ्या डिस्कला विचारलं, वाचता न आलेल्या सेक्टरवर तू किती वेळ झगडतेस? नासच्या (नेटवर्कवरच्या साठवणीच्या) किंवा सर्व्हरच्या डिस्कमध्ये ही मर्यादा ठरवता येते, सहसा ७ सेकंद. तेवढ्यात जमलं नाही तर डिस्क 'नाही वाचता आलं' सांगते आणि रेड दुसरीकडून डेटा काढते. स्मार्टचे आकडे वाचणाऱ्या स्मार्टसीटीएलने सांगितलं, या डिस्कमध्ये ती सोयच नाही. अशी डिस्क एकेका सेक्टरवर मिनिट-दोन मिनिटंही घासत बसू शकते. इकडे कर्नल ३० सेकंदच थांबतो, मग डिस्क अडकली असं समजून लिंक रिसेट करतो. म्हणून डिस्कचं खरं दुखणं तिच्या तोंडून बाहेर पडायच्या आत तिला गप्प केलं जात होतं, आणि लॉगमध्ये ते वायरीच्या भांडणासारखं दिसत होतं.

डिस्कच्या सिस फोल्डरातल्या टाइमआउट फाइलमध्ये ३० च्या जागी १८० लिहिले आणि तपासणी पुन्हा लावली. त्या जागी पोचल्यावर मशीन जवळजवळ दोन मिनिटं खिळून राहिलं. पंख्याच्या आवाजाखाली डिस्कची टकटक ऐकू येत होती, ठराविक अंतराने, जिन्यावरून कोणी काठी टेकत उतरावं तशी. मग ओळ आली: मीडिया एरर, यूएनसी, म्हणजे सेक्टर वाचता आला नाही. आणि लगेच खाली एमडीची: रीड एरर करेक्टेड, ८ सेक्टर. बाकीच्या तीन डिस्कवरून हरवलेला तुकडा काढून एमडीने तो त्याच जागी परत लिहिला होता. १९७ मध्ये २४ होते, तपासणी संपेपर्यंत शून्यावर आले. ५ नंबर शून्यच राहिला, म्हणजे जागा बदलावी लागली नाही, पुन्हा लिहिल्यावर ती वाचता येऊ लागली. आणि या सगळ्यात स्मार्टचा एकूण निकाल काय? पास्ड. तो शब्द मी आता वाचतही नाही.

शनिवारी पहाटे पाचपासून दुपारी दोनपर्यंत तिसरी डिस्क ॲरेबाहेर होती आणि चौथीवर न वाचता येणारे २४ सेक्टर होते. रेड ५ मध्ये एक डिस्क बाहेर असताना दुसरीवरचा तुकडा वाचता आला नाही, तर तो परत काढायला काहीच उरत नाही. त्या नऊ तासांत जर मी पुतण्याचं ऐकून तिसरी डिस्क फेकली असती आणि नवी लावून रिबिल्ड सुरू केलं असतं, तर रिबिल्ड चौथीच्या त्याच जागेवर जाऊन आपटलं असतं. निरोगी डिस्क भंगारात आणि आजारी डिस्कच्या भरवशावर सात टीबी. केबल बदलण्याच्या माझ्या मूर्खपणात एवढं तरी बरं झालं की डिस्क तीच परत जोडली.

पुरावा

नुसतं पटणं पुरेसं नव्हतं. शनिवारी केबलचंही मला पटलंच होतं. म्हणून रविवारी दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या सिद्ध करायच्या ठरवल्या.

झोपेचं सोपं होतं. जुना ६.१ कर्नल ग्रबच्या, म्हणजे मशीन सुरू होताना कर्नल निवडू देणाऱ्या प्रोग्रामच्या, यादीत अजून होता. वरचं सगळं डेबियन १३चं ठेवून फक्त कर्नल जुना लावला आणि रविवारची रात्र मशीन रिकामं सोडलं. सकाळपर्यंत एकही ओळ नाही. सोमवारी रात्री पुन्हा ६.१२, पण ग्रबमध्ये एएचसीआयच्या मोबाइल एलपीएम पॉलिसी या पॅरामीटरला १ किंमत देऊन, म्हणजे झोप बंद. (पॅरामीटरच्या नावात अजून 'मोबाइल' आहे, त्यामुळे सर्व्हरवाल्याची नजर त्यावर सहज जात नाही.) तीही रात्र स्वच्छ. मंगळवारी रात्री पॅरामीटर काढला, पण शेअर (सांबाची फोल्डरं) बंद ठेवून. पाऊण तासात दुसरी डिस्क रुसली. ही तिसरी पायरी बरेच जण गाळतात, कारण चाललेलं कोण बिघडवणार. पण तिच्याविना मी पुन्हा एकदा 'वायर होती' म्हणणारा माणूसच राहिलो असतो.

दोन्ही जुन्या डिस्कवर लाँग सेल्फ-टेस्टही लावली. ४ टीबीला आठ तासांच्या आसपास लागतात. ही चाचणी डिस्क स्वतःच्या पोटात करते, डेटा वायरीवरून येत नाही. ती निर्विघ्न पार पडली आणि तरी कर्नल तक्रार करत असेल, तर दुखणं तबकडीच्या बाहेर आहे. दोघी पार. चौथी मात्र तपासणीनंतर तीन दिवसांनी १९७ मध्ये ८ घेऊन बसली, नव्या जागी.

आणि मग ताईंचा तो प्रश्न: "पण अपग्रेडच्या आधी तर सगळं नीट होतं ना?"

मलाही तसंच वाटत होतं. जुने लॉग मी शनिवारीच चाळले होते, पण 'हार्ड रिसेटिंग' हे शब्द शोधून, आणि तसं काही सापडलं नव्हतं. आता 'करेक्टेड' शोधलं. ५ ऑक्टोबर, रविवार, पहाट. मागच्या महिन्याची तपासणी. चौथ्या डिस्कवर रीड एरर करेक्टेड, ८ सेक्टर. तेव्हा डिस्कने ३० सेकंदांच्या आत हार मानली होती, त्यामुळे रिसेट झालं नाही, एमडीने गुपचूप दुरुस्त केलं आणि कोणाला मेल गेली नाही. डिस्कच्या स्वतःच्या एरर लॉगमध्येही तेच. चुकीपुढे ती डिस्क किती तास चालली होती ते लिहिलेलं असतं: १६,७४०. रविवारी मीटर १७,४१२ वर होतं. फरक ६७२ तास, म्हणजे बरोबर २८ दिवस. अपग्रेड २८ दिवसांपूर्वी नव्हतं, दोन दिवसांपूर्वी होतं.

बदल

चौथी डिस्क काढून मग नवी लावायची, ही पद्धत मी टाळली. सहावं पोर्ट रिकामं होतं. नवी नासची डिस्क तिथे जोडली, स्पेअर म्हणून ॲरेत घातली आणि एमडी चालवणाऱ्या एमडीएडीएम कमांडला सांगितलं की चौथीच्या जागी हिला घे, पण चौथीला तोवर बसू दे. अशा रिप्लेसमध्ये जुनी डिस्क शेवटपर्यंत ॲरेतच असते. ती जिथे वाचते तिथे तिच्याकडून, जिथे अडते तिथे बाकीच्या तिघींकडून. एकही क्षण रेड उघडी पडत नाही. केसमध्ये जागा नसेल तर डिस्क बाहेर पुठ्ठ्यावर ठेवूनसुद्धा मी हे करीन. नऊ तास लागले.

काढताना एकदा हात चुकणार होता. नव्या कर्नलवर एसडीबी आणि एसडीसी या कर्नलने डिस्कना दिलेल्या नावांची अदलाबदल झालेली होती, रीबूटगणिक ती बदलू शकतात. म्हणून नावावर जायचं नाही, सीरियल नंबर जुळवायचा. चारही डिस्कच्या कडेला आता मास्किंग टेपवर शेवटची चार अक्षरं लिहिलेली आहेत.

ग्रबमधला पॅरामीटर कायम ठेवला. दिवसरात्र चालणाऱ्या मशीनवर चार लिंकच्या झोपेतून जी वीज वाचते, तिच्यासाठी हा ताप नको. त्या ओळीच्या वर कॉमेंट टाकली आहे: दोन आणि तीन नंबरची डिस्क बदलेपर्यंत हे काढू नये. बॅकअप आता आठवड्याला होतो, आणि 'करेक्टेड' ही ओळ दिसली की मेल येते. केबलचे पैसे ताईंनी पुढच्या बिलातून वळते करून घेतले.

शेवटी डेड स्टॉक रजिस्टर. वाचनालयातून कुठलीही वस्तू बाहेर जाताना त्यात नोंद लागते, आणि डिस्क वॉरंटीत बदलून घ्यायला जाणार होती. ताईंनी सीरियल नंबर माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि कारणाच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं, "सिस्टीम अपग्रेडमुळे नादुरुस्त". मी ५ ऑक्टोबरची ओळ छापून नेली होती, ती पुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून तारीख वाचली, 'सिस्टीम अपग्रेडमुळे' एवढ्यावरच रेघ मारली आणि बाजूला सही केली.